घर नसणे हाच गुन्हा : माटुंग्याच्या बेघर महारोग्यांच्या आश्रमाची कथा

१/
विंचूर हे नाव घेतले की इतिहासाची गोडी असलेल्या माणसाला विठ्ठल शिवदेव आठवतात, पानिपत आठवते, पुण्यातला विंचूरकर वाडा आठवतो आणि त्या वाड्यात राहिलेले लोकमान्य आठवतात. आमच्या गावाला लाभलेला हा मान मोठाच आहे. पण आजचा धागा वाड्यात राहणाऱ्यांविषयी नाही. ज्यांच्या डोक्यावर छप्परच नव्हते आणि म्हणून ज्यांच्या आजाराला कायद्याने वेगळे नाव दिले, त्यांच्याविषयी आहे.

२/
सुरुवात मात्र आपल्या ओळखीच्या पुस्तकापासून करू. ‘इतिहासप्रसिद्ध पुरुषांचे व स्त्रियांचे पोवाडे’ हा संग्रह १८९१ मध्ये प्रसिद्ध झाला. शाहिरांच्या तोंडी असलेले मराठ्यांचे पोवाडे कागदावर आले, ते मुख्यतः या संग्रहामुळे. संपादक दोन : शंकर तुकाराम शाळिग्राम आणि हॅरी आर्बथनॉट अ‍ॅक्वर्थ. पुढे १८९४ मध्ये अ‍ॅक्वर्थने त्यांतील निवडक पोवाड्यांचे इंग्रजी भाषांतरही छापले.

३/
हा अ‍ॅक्वर्थ पेशाने सनदी अधिकारी. पोवाड्यांचा संग्रह छापला जात होता त्याच सुमारास तो मुंबई महानगरपालिकेचा आयुक्त होता. त्याच काळात, १८९० मध्ये, त्याने मुंबईच्या उत्तरेला माटुंग्याच्या माळावर एक संस्था उभी केली. तिचे नाव ‘होमलेस लेपर असायलम’, म्हणजे बेघर महारोग्यांचा आश्रम. पुढे तिला अ‍ॅक्वर्थचेच नाव मिळाले. वडाळ्याचे आजचे अ‍ॅक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालय ते हेच.

४/
नावाकडे लक्ष द्या. ‘महारोग्यांचा आश्रम’ एवढे म्हणून भागले असते. मग ‘बेघर’ हा शब्द कशासाठी? मुंबईत महारोग झालेली माणसे श्रीमंतांच्या घरांतही होती, चाळींतही होती. आश्रम मात्र फक्त रस्त्यावरच्यांसाठी निघाला. या एका शब्दात घर आणि आरोग्य यांच्या नात्याचा सव्वाशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे. तोच आज उलगडू.

५/
आधी शब्दांविषयी एक खुलासा. जुन्या कागदपत्रांत ‘महारोग’, ‘रक्तपिती’, ‘लेपर’ असे शब्द येतात. त्या काळचे कायदे आणि संस्था यांविषयी बोलताना ते टाळता येत नाहीत. आज आपण ‘कुष्ठरोग’ आणि ‘कुष्ठरुग्ण’ म्हणतो, आणि तेच योग्य आहे. माणसाची ओळख त्याच्या आजारावरून होऊ नये, हे समजायला आपल्याला फार वेळ लागला.

६/
आता रोग समजून घेऊ, कारण त्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेतील डॉ. हान्सेन यांना १८७३ मध्ये दिसला. हा जंतू कातडीवर आणि मज्जातंतूंवर हल्ला करतो. हातापायांची संवेदना जाते. बोटे ‘झडतात’ असे लोक म्हणत; पण रोग काही बोटे तोडून टाकत नाही. ज्या पायाला काटा टोचलेला कळत नाही, त्या पायाची जखम चिघळते. ज्या हाताला चटका कळत नाही, तो हात भाजतो. व्रण वाढतो, हाडापर्यंत जातो, आणि मग बोट जाते.

७/
म्हणजे संवेदना गेल्यानंतर माणसाचे काय होणार, हे बरेचसे तो कुठे राहतो यावर ठरते. पायात चपला, रात्री अंथरूण, जखम धुवायला स्वच्छ पाणी आणि चार दिवस बसून खाण्याची सोय असेल, तर व्रण भरून येतो. अनवाणी चालावे लागत असेल आणि फुटपाथवर निजावे लागत असेल, तर तो भरत नाही. विसाव्या शतकात डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरकडे काम करताना पाहिले, की झोपेत उंदीर रुग्णांची बधिर बोटे कुरतडतात आणि रुग्णाला ते कळतही नाही. त्यावर उपाय म्हणून रुग्णांना मांजरी दिल्या गेल्या! ही बाब कायम ध्यानात ठेवा. पुढे कायदा तिच्यावरच येऊन थांबतो.

८/
मुंबईत या रोगाचा अभ्यास जुना. डॉ. हेन्री व्हँडाइक कार्टर हे नाव वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. १८५८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’ या विख्यात ग्रंथातली चित्रे त्यांनी काढली. त्याच वर्षी ते मुंबईला आले. पुढे काही वर्षे ते साताऱ्याला सिव्हिल सर्जन होते. कुष्ठरोगावर त्यांनी मोठा अभ्यास केला, नॉर्वेला जाऊन तिथली रुग्णालये पाहिली आणि हिंदुस्थानातही तशी व्यवस्था हवी, असा आग्रह धरला.

९/
आपल्या माणसांतही एक मोठे नाव आहे : डॉ. भाऊ दाजी लाड. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, प्राचीन लेखांचे वाचक, मुंबईच्या संग्रहालयाला ज्यांचे नाव आहे तेच. कडू कवठीच्या बियांच्या तेलावर त्यांनी कुष्ठरोगासाठी प्रयोग केले. औषध त्यांनी गुप्त ठेवले, त्यामुळे त्यावर वादही झाला. १८७४ मध्ये ते गेले. या जातीच्या झाडांचे तेल मात्र पुढे जगभर अनेक दशके कुष्ठरोगावरचे मुख्य औषध राहिले. गुण बेताचाच, पण दुसरे काही हाताशी नव्हते.

१०/
रोग सांसर्गिक आहे की आनुवंशिक, यावर त्या काळी जोरदार वाद होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये निर्वाळा दिला, की रोग सांसर्गिक नाही. त्यामुळे सरकारही स्वस्थ होते. मग हान्सेनचा जंतू आला. आणि १८८९ मध्ये हवाई बेटांतील मोलोकाई येथे रुग्णांची सेवा करणारे फादर डेमियन त्याच रोगाने मरण पावले. ही बातमी जगभर गेली. युरोपीय लोकांत घबराट उडाली : हा रोग गोऱ्या माणसालाही होतो तर!

११/
घबराटीच्या त्या लाटेत मुंबईच्या रस्त्यांवरची माणसे एकदम ‘दिसू’ लागली. देवळांबाहेर, बाजारांत, धर्मशाळांच्या ओट्यांवर भीक मागणारे कुष्ठरुग्ण काही त्या वर्षी नव्याने आले नव्हते. त्यांतले कित्येक कोकणातून, देशावरून आलेले होते. गावाने वेशीबाहेर काढले, घरच्यांनी वेगळे ताट दिले आणि शेवटी ताटही बंद झाले, की माणूस शहराची वाट धरी. आधी आजार आला, मग घर गेले. आणि घर गेल्यावर आजार दुणावला. हे चक्र जुनेच होते. नवी होती ती पाहणाऱ्यांची भीती.

१२/
आयुक्त अ‍ॅक्वर्थपुढे प्रश्न होता : या माणसांना हलवायचे कोणत्या अधिकाराने? कुष्ठरोग्यांसाठी वेगळा कायदा नव्हता. मात्र मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात एक तरतूद होती. धोकादायक रोग झालेला जो माणूस राहण्याची योग्य सोय नसलेला असेल, त्याला रुग्णालयात हलवता येत असे. तरतूद पटकी-देवीसारख्या साथींसाठी होती. अ‍ॅक्वर्थने तिचाच आधार घेतला, लोकवर्गणी उभी केली आणि माटुंग्याला आश्रम उघडला.

१३/
‘बेघर’ या शब्दाचा उलगडा इथे होतो. कायद्याची पकड रोगावर नव्हती, ती बेघरपणावर होती. स्वतःच्या खोलीत दार लावून बसलेल्या कुष्ठरुग्णाला पालिका हात लावीत नसे. तोच माणूस भाडे थकून रस्त्यावर आला, की तो ‘धोकादायक’ ठरे. त्याच्या अंगातले जंतू काल जेवढे होते तेवढेच आज होते. बदलले होते ते फक्त त्याच्या डोक्यावरचे छप्पर.

१४/
तरीही अ‍ॅक्वर्थला निव्वळ खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. आश्रमाचे वैद्यकीय काम डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी या पारशी डॉक्टरांकडे होते. १८९० ते १८९७ या वर्षांचा त्यांचा सविस्तर अहवाल उपलब्ध आहे. रुग्णांना अन्न, निवारा आणि मलमपट्टी मिळू लागली. कुष्ठरोगावर नेमके औषध नसतानाही नियमित जेवण आणि जखमांची निगा एवढ्यानेच माणूस सुधारतो. म्हणजे या आश्रमात जो उपचार खरा लागू पडला, तो घराचा होता.

१५/
जाता जाता एक चमत्कारिक गोष्ट. याच आश्रमातल्या मैलापाण्यासाठी बंदिस्त टाक्या बांधल्या होत्या. त्यांत तयार होणारा वायू १८९७ च्या सुमारास दिव्यांसाठी वापरण्यात आला. आज गावोगावी दिसणाऱ्या गोबरगॅसच्या इतिहासात माटुंग्याचे नाव आद्य प्रयोगांत घेतले जाते. ज्यांच्या सावलीला शहर भीत होते, त्यांच्या आवारात शहराच्या आधी तो दिवा लागला.

१६/
इकडे शास्त्र काय म्हणत होते? १८९०-९१ मध्ये एक कुष्ठरोग आयोग हिंदुस्थानभर फिरला. त्याचा निष्कर्ष असा, की या रोगाची लागण अगदी अल्प प्रमाणात होते आणि सर्व रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याची गरज नाही. इथवर ठीक. पण त्याच आयोगाने शहरांत भीक मागत हिंडणाऱ्या रुग्णांना मनाई करावी, असेही सुचवले. लागण अल्प, तरी बंदी भिकाऱ्याला! रोगाची भीती ओसरत चालली होती. गरिबाच्या दर्शनाची किळस मात्र तशीच होती.

१७/
याच दशकात मुंबईत प्लेग आला, सप्टेंबर १८९६ मध्ये. माटुंग्याचे डॉ. चोक्सी आर्थर रोडच्या रुग्णालयात प्लेगच्या रुग्णांसाठी झटले. प्लेगच्या कारवाईत घराघरांची झडती झाली, सामान जाळले गेले, माणसे छावण्यांत गेली. पुण्यात त्यातून काय घडले, ते आपणा सर्वांना ठाऊक आहेच. प्लेगच्या वेळी सरकार घरात शिरले म्हणून लोक पेटून उठले. पण ज्यांना शिरण्याजोगे घरच नव्हते, त्यांच्यावरच्या कारवाईबद्दल फारसा कुणी आवाज उठवला नाही.

१८/
आणि १८९८ मध्ये आला हिंदुस्थान सरकारचा ‘लेपर्स अ‍ॅक्ट’. त्यातल्या व्याख्या मुळातून समजून घ्या. ‘लेपर’ कोण? ज्याच्या रोगात व्रण पडायला सुरुवात झाली आहे तो. ‘पॉपर लेपर’, म्हणजे कंगाल महारोगी, कोण? जो उघड्यावर भीक मागतो, भिकेसाठी जखमा दाखवतो किंवा निर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना मोकळा हिंडतो तो. अशा माणसाला पोलिसाने वॉरंटावाचून पकडावे, तपासणी व्हावी आणि न्यायाधीशाने त्याला आश्रमात पाठवावे. सुटका केव्हा? मंडळ किंवा जिल्हा न्यायाधीश सोडेल तेव्हा.

१९/
आता सातव्या टिपणातली बाब आठवा. कायद्याने रोगाची खूण ठरवली ती व्रणाची. आणि व्रण वाढतो तो बहुधा अनवाणी पायांनी, उघड्यावरच्या झोपेने, न धुतलेल्या जखमेने. म्हणजे बेघरपणामुळे जी जखम चिघळली, तीच जखम त्याला पकडण्याचा पुरावा झाली. ज्याच्याकडे घर आणि चप्पल होती, त्याचा व्रण भरून येण्याची आशा होती, आणि त्याबरोबर कायद्यातून निसटण्याचीही.

२०/
याच कायद्यात एक पळवाटही होती. एखाद्याने लेखी हमी दिली, की या माणसाची मी नीट काळजी घेईन आणि त्याला भीक मागू देणार नाही, तर न्यायाधीश रुग्णाला आश्रमाऐवजी त्या व्यक्तीच्या हवाली करू शके. वाचताना उदार वाटते. पण अर्थ सरळ आहे : ज्याला कुणी आपला म्हणणारे आहे, तो सुटला, ज्याला कुणी नाही, तो आत गेला. शिवाय अधिसूचित भागात रुग्णांना खाद्यपदार्थ व कपडे विकायला, सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायला, भाड्याच्या गाडीत बसायलाही बंदी होती. भीक मागू नको आणि धंदाही करू नको, मग जगावे कसे, याचे उत्तर कायद्यात नव्हते.

२१/
हे केवळ आपल्याकडेच होते असे नाही. नॉर्वेच्या १८८५ च्या कायद्यातही असाच भेद होता. ज्याला घरी स्वतंत्र खोली आहे त्याने घरी राहावे. ज्याला ती नाही, त्याने रुग्णालयात जावे. १८९७ च्या बर्लिन परिषदेने हा नॉर्वेचा नमुना जगापुढे ठेवला. फरक एवढाच, की नॉर्वेत रुग्णालयांची सोय आधीच उभी होती. इथे कायदा आधी आला. आश्रम मात्र थोडे, आणि तेही बहुतेक मिशनऱ्यांच्या आणि दानशूरांच्या बळावर चाललेले.

२२/
विसाव्या शतकात महाराष्ट्राने या प्रश्नाला वेगळे उत्तर दिले. १९३६ मध्ये मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केले. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींना आपल्याजवळ ठेवून घेतले आणि स्वतः त्यांची शुश्रूषा केली. १९४६ मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीला तपोवन उभे केले. १९४९ मध्ये बाबा आमट्यांनी महारोगी सेवा समिती स्थापन केली; तिच्यातून वरोऱ्याचे आनंदवन उभे राहिले.

२३/
या सर्वांमध्ये आणि १८९८ च्या कायद्यामध्ये मूलभूत भेद कोणता? आश्रमाच्या भिंती कायद्याला हव्या होत्या त्या बाहेरच्यांच्या रक्षणासाठी. दत्तपूर, तपोवन, आनंदवन यांनी शेत दिले, माग दिला, घर दिले आणि कमाई दिली. गेलेले घर परत मिळणे हा उपचाराचाच भाग आहे, हे त्यांनी ओळखले. त्याच दशकात सल्फोन औषधे आली. गोळीने जंतू मारता येऊ लागले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचाराची शिफारस केली. आता कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि औषध मोफत मिळते.

२४/
रोग बरा होऊ लागला, पण कायद्याची भाषा काही बरी झाली नाही. १९५९ चा मुंबई भीक प्रतिबंधक कायदा पाहा. निर्वाहाचे दिसण्याजोगे साधन नसताना भीक मागून जगत असावा अशा स्थितीत हिंडणारा माणूस त्यात भिकारी ठरतो. १८९८ ची शब्दकळा इथे जशीच्या तशी ऐकू येते. अटकेत ठेवलेल्या कुष्ठरुग्णांना वेगळ्या जागी पाठवण्याचे कलमही त्यात होते. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या कायद्यातील अनेक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. पण तो निकाल दिल्लीपुरता होता. आणि १८९८ चा मूळ केंद्रीय कायदा रद्द झाला तो थेट २०१६ मध्ये.

२५/
आता पुन्हा विंचूरला येऊ. निफाड तालुका म्हणजे द्राक्षे आणि कांदा. हंगाम आला, की पेठ-सुरगाण्याकडची आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी इकडे उतरतात. कुणी बागेच्या कडेला पाल ठोकतात, कुणी शेडमध्ये राहतात. काम संपले की पुढचे गाव. कुष्ठरोगाची गोळी महिन्याच्या पाकिटात मिळते. उपचार पुरा व्हायला सहा महिने किंवा वर्ष लागते. ज्याचा मुक्काम दोन महिन्यांनी हलतो, त्याचे पाकीट कोणत्या केंद्रावर? फिरत्या रुग्णाला अनेक महिन्यांची औषधे एकदम देण्याची पद्धत आहे खरी. पण तो फिरता आहे, हे आधी कुणी विचारले तर ना!

२६/
आणि हे काही कुष्ठरोगापुरते नाही. क्षयाच्या रुग्णाची गोष्ट हीच, मधुमेहाने बधिर झालेल्या पायाची गोष्टही हीच. औषध मोफत असते. पण ते घेण्यासाठी पत्ता, कागद, उद्याही त्याच जागी असण्याची खात्री आणि पाय वर करून बसायला चार हात जागा लागते. या गोष्टी दवाखान्याच्या औषधकोठीत मिळत नाहीत.

२७/
अ‍ॅक्वर्थने आपले पोवाडे जपले. त्याबद्दल आपण त्याचे ऋणी आहोत. पण ज्या माणसांना त्याने माटुंग्याला नेले, त्यांचा पोवाडा कुणी रचला नाही. त्यांची नावे अहवालांच्या आकड्यांत विरून गेली. वडाळ्याच्या त्या रुग्णालयात आज कुष्ठरोगाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे. मुंबईला गेलात, तर गेटवे आणि किल्ले पाहाच; पण एक दिवस तिथेही जाऊन या.

२८/
आणि पुढच्या वेळी विंचूरला वाडा पाहायला आलात, की परतताना द्राक्षबागेच्या कडेची पालेही नजरेखालून घाला. इतिहास वाड्यात लिहिला गेला हे खरे. पण वाड्याबाहेर जे उघड्यावर निजले, त्यांच्या जखमांवरून राज्याची परीक्षा होते. १८९० मध्येही होत होती, आजही होते.

लेखनसीमा.